उत्तरेच्या खिडकीतली काजळी

डब्लिन शहराच्या दक्षिणेला डोंगरांची एक रांग आहे. डोंगर म्हणायचं ते आपलं त्यांचा मान राखायला, कारण सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते झोपलेल्या म्हशींसारखे दिसतात. त्यातल्या एका म्हशीच्या वशिंडावर नॉकदोरा नावाचा कॅसल उभा आहे. म्हशीला वशिंड नसतं हे मान्य, पण कॅसल आहे तिथेच आहे. नॉक म्हणजे तिकडच्या जुन्या भाषेत टेकडी. दोरा म्हणजे काय, हे तिथल्या दोघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात.

या कॅसलच्या चाव्या ज्यांच्याकडे असतात त्या सुहासिनीबाई मूळच्या वाईच्या. तिथल्या एका शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. नवरा गुरुनाथ भूल देणारा डॉक्टर. त्याला आयर्लंडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा बाई खडूची पूड झटकून त्याच्या मागोमाग निघाल्या. शहराच्या पार उत्तर टोकाला, सँट्रीत फ्लॅट घेतला. मुलगी शर्वाणी तिथेच वाढली; तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तिकडच्या हेल काढलेल्या इंग्रजीत येतं. बाईंनी काही वर्षं स्वोर्ड्सला विमानतळाजवळच्या दुकानात अत्तराच्या बाटल्या विकल्या. बाटल्या विकता विकता गिऱ्हाइकाला अत्तराचा इतिहास सांगायच्या, त्यामुळे रांग लांबायची आणि मॅनेजरचं तोंड वाकडं व्हायचं. शेवटी एकदा नॉकदोराला माणूस हवंय असं त्यांच्या कानावर आलं, आणि त्या टेकडी चढून गेल्या त्या तिथल्याच झाल्या.

कॅसल म्हणावा तर फार मोठा नाही. शिकायला आलेली मराठी पोरं रविवारी बघायला येतात आणि खालूनच म्हणतात, "मॅडम, हा किल्ला? आमच्याकडे याला बुरूज म्हणतात." बाई हसतात. म्हणतात, "चढ तर खरा, मग बोल." वर गच्चीवर गेलं की पोरांची तोंडं बंद होतात. सगळी राजधानी पायाशी पसरलेली असते. नदी, बंदर, वीजघराच्या दोन लाल-पांढऱ्या चिमण्या, बॉल्सब्रिजची झाडी आणि पार पलीकडे विमानतळावर अलगद उतरणारी विमानं. तिथे उभं राहिलं की कुणालाही वाटतं, या शहरावर लक्ष ठेवायचं तर ते इथूनच.

आणि लक्षच ठेवायचे. पाचसहाशे वर्षांपूर्वी खाली शहरात इंग्रजांचा अंमल, आणि मागच्या डोंगरांत मूळचे लोक. अंधार पडला की डोंगरातले लोक उतरायचे आणि शहराकडची गुरं हाकून न्यायचे. म्हणून हा बुरूज बांधला. वर पहारेकरी, त्याची बायको, पोरं. लूट करायला माणसं उतरताना दिसली की गच्चीवर जाळ करायचा. जाळ दिसला की शहराच्या वेशी बंद व्हायच्या आणि घोडेस्वार भाले घेऊन टेकडीकडे सुटायचे. त्यासाठी कायदा होता, की शहराकडच्या, म्हणजे उत्तरेच्या खिडकीत कुणी साधी पणतीसुद्धा ठेवायची नाही. चुकून कुणी इशारा समजलं तर काय घ्या.

पुढे बुरूज एका न्यायाधीशाकडे आला. त्याने त्याला दिवाणखाना जोडला. त्याच्या नातवाने घरपट्टी चुकवायला स्वतःच्या दिवाणखान्याचं छप्पर स्वतःच काढून टाकलं, कारण छप्पर नसलेल्या घराला पट्टी नव्हती. तो पाऊस पडताना छत्री घेऊन जेवायला बसायचा, असं सांगतात. ही गोष्ट बाई इतक्या रंगवून सांगतात की शाळेची पोरं हसून हसून खाली बसतात. पण मग त्या पोरांना उत्तरेच्या खिडकीपाशी नेतात, आणि तिथे कुणी हसत नाही.

त्या खिडकीची गोष्ट बाईंना दिली ती फेलिम डोरनने. फेलिम म्हणजे त्यांच्या आधीचा राखणदार. उंच, वाळका, पांढऱ्या भुवयांचा. टेकडीच्या उत्तर पायथ्याशी त्याचं घर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट कॅसल दिसतो. चाव्या देताना तो म्हणाला होता की कुलपाला तेल घाल, जिन्यावर मीठ टाक, आणि उत्तरेच्या खिडकीत काही म्हणजे काही पेटवू नकोस. मेणबत्ती नाही, बॅटरी नाही, हातातल्या फोनचा उजेडसुद्धा नाही.

झालं होतं ते असं. त्या काळी पहाऱ्यावर होता एक डोरन, आणि त्याची बायको साइव्ह. एका संध्याकाळी तिचा धाकटा पोर चुकलेल्या वासरामागे डोंगरात गेला आणि धुकं उतरलं. तिकडचं धुकं म्हणजे स्वतःचा हात स्वतःला परका. साइव्हने हाका मारल्या. मग कायदा बाजूला ठेवला आणि उत्तरेच्या खिडकीत दिवा लावला, पोराला घर दिसावं म्हणून. पोराला दिसला, तसा शहरालाही दिसला. स्वार सुटले. धुक्यात कुणीतरी दिव्याकडे धावत येताना त्यांना दिसलं, आणि भाला सुटला.

साइव्हला ते पटलंच नाही. पोर यायचंय, दिवा लावते, तेल द्या, एवढंच ती बोलायची. बुरुजाच्या मालकाने तेलाचं भांडं कुलपात घातलं. तेव्हापासून त्या खिडकीत अधूनमधून दिवा दिसतो, आणि दिसतो तो डोरनांनाच. ज्याने पाहिला तो डोरन फार दिवस राहत नाही. फेलिमच्या आजोबांनी पाहिला, बापाने पाहिला. बहीण नोरा बटाटे सोलताना खिडकीतून बाहेर बघत थांबली, सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "आला बघ." आठवड्याच्या आत ती गेली. त्यानंतर त्या घरात फेलिम एकटा.

सुहासिनीबाई इतिहासाच्या. भुताखेतांची गोष्ट त्या सांगायच्या आणि शेवटी "असं लोक मानतात" हे शेपूट जोडायच्या. पण त्या खिडकीत दोन गोष्टी अशा होत्या की शेपूट जोडताना त्यांची जीभ जरा अडखळायची. एक म्हणजे कावळे. सगळ्या बुरुजावर कावळ्यांची शाळा भरलेली असते, पण त्या एका खिडकीच्या कठड्यावर कधी पीससुद्धा पडलेलं नसतं. दुसरं म्हणजे खिडकीच्या बगलेत भिंतीतच एक लहान कोनाडा आहे, आणि त्याच्या माथ्यावर काळा डाग. दर वसंतात बाई ब्रशने तो घासून काढायच्या, आणि थंडीपर्यंत डाग जिथल्या तिथे. देखरेख करणाऱ्या मंडळाने एक तज्ज्ञ पाठवला. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि बुरशी आहे म्हणाला. बाईंनी मान डोलावली. पण बुरशी बोटाला लागली की भुरभुरते. ही बोटावर मऊ पसरायची, लहानपणी आई डोळ्यांत घालायची तशी.

आता यात वासंतीबाई कशा आल्या ते सांगायला हवं.

वासंतीबाई म्हणजे गुरुनाथच्या आई, सुहासिनीबाईंच्या सासूबाई. मुक्काम कोरेगाव तालुका. सारं आयुष्य शेताच्या बांधावरून चालल्यामुळे गुडघे अजून सुनेपेक्षा बरे. दिवाळी लेकाकडे करायची म्हणून आल्या, आणि आल्या त्या संध्याकाळीच स्वयंपाकघरात समई, धूप, कापूर अशी साग्रसंगीत दिवेलागण केली. छताला धुराची घंटा असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती अशी कोकलली की वरच्या मजल्यावरचे लोक पायजम्यात रस्त्यावर आले. गुरुनाथने समई माळ्यावर टाकली आणि आईला बॅटरीवर चालणारा प्लास्टिकचा दिवा आणून दिला. शर्वाणी म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी." आजींनी तो दिवा उलटा करून पाहिला, खालचं बटण दाबून विझवला, पुन्हा लावला, आणि कपाटात ठेवून दिला. ह्याला ऊब नाही, वास नाही, ह्याच्यापुढं हात काय जोडायचे, असं त्यांचं म्हणणं. पितळेची एक लहानशी पणती, वाती आणि तेलाची बाटली मात्र त्यांच्या हातातल्या पिशवीत राहिली. बाईमाणसाची पिशवी कोण तपासतंय.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी गुरुनाथची ड्यूटी, शर्वाणी मैत्रिणीकडे. सासूबाईंना एकटं ठेवायची पुन्हा कुणाची छाती नव्हती. सुहासिनीबाई त्यांना कॅसलवर घेऊन गेल्या. दिवसभर त्या खाली तिकिटाच्या खोलीत शाल गुंडाळून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत राहिल्या. तिकडे त्या दिवसांत चारला बंद करावं लागतं, कारण साडेचारला अंधार. माणसं गेली. बाई फाटकावरची पाटी आत घ्यायला गेल्या, कुलपं बघून आल्या, तर खुर्चीवर नुसती शाल.

हाक मारली, उत्तर नाही. जिन्याच्या दाराशी आल्या आणि थांबल्या. त्या जिन्यावर दिवा नाही. वर वळणावर, दगडी भिंतीवर, पिवळा उजेड हलत होता.

इतकी वर्षं ती गोष्ट त्यांनी शेकडो माणसांना सांगितली असेल. त्या क्षणी शेपूट आठवलं नाही. वर कुणीतरी हलक्या आवाजात पुटपुटत होतं. मग त्या पुटपुटण्यात त्यांना "शुभं करोति"ची चाल लागली, आणि त्या भिंतीला धरून वर गेल्या.

वासंतीबाई डोक्यावर पदर घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी हात जोडून उभ्या होत्या. कोनाड्यात पणती तेवत होती. बाहेर खाली सारं शहर निळं पडत चाललं होतं.

"आई, काय केलंत हे?"

"काय केलं? तुजं ऱ्हायल्यालं केलं. हितं दिवळी हाय, दिवळीला काजळी हाय, म्हंजी रोजचा दिवा हाय हितला. आज इसरलीस जनू."

"इथे कुणी दिवा लावत नाही, आई."

सासूबाईंनी उजव्या हाताचं बोट सुनेच्या डोळ्यांपुढे धरलं. बोट काळं झालं होतं. "मंग ही काय माज्या डोळ्यातली हाय?"

रिकामी दिवळी आणि वर ताजी काजळी दिसल्यावर, दिवेलागणीच्या वेळी, पिशवीत तेलवात असलेली आपल्याकडची कुठलीही म्हातारी दुसरं काय करणार? सुहासिनीबाईंनी घाईघाईने, पण हात जोडून, विनवलं. वासंतीबाईंनी कुरकुरत वात मागे तेलात ओढली. फुंकर त्यांनी जन्मात कधी घातली नव्हती. दिवा शांत झाला. उरलेलं तेल बाटलीत, पणती फडक्यात, फडकं पिशवीत. बाईंनी खिडकी पाहिली, जिना पाहिला, खालच्या दाराला कुलूप घालून दोनदा ओढून पाहिलं. निघाल्या तेव्हा पश्चिमेला अजून उजेडाची एक रेघ होती.

शहर ओलांडून घरी पोचल्या, चहा टाकला. तिकडे संध्याकाळी सहाला टीव्हीवर देवळाची घंटा वाजवतात, सावकाश, एकेक ठोका. वासंतीबाईंना ती फार आवडायची. त्या दिवशीही त्यांनी कप खाली ठेवला आणि घंटा संपेपर्यंत हात जोडून बसल्या. "दिवा बी झाला, घंटा बी झाली," त्या म्हणाल्या, आणि सून हसली.

सोमवारी कॅसल बंद. मंगळवारी सकाळी सुहासिनीबाई नेहमीप्रमाणे फेलिमचं दूध घेऊन त्याच्या दाराशी थांबल्या. धुरांड्यातून धूर नव्हता. दार नुसतं लोटलेलं.

फेलिम स्वयंपाकघरात खिडकीसमोर खुर्चीवर बसला होता. अंगात काळा सूट, दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश. चूल विझलेली. टेबलावर एक पाण्याचा ग्लास, तोही भरलेला तसाच.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "मांजराला तू ने. बाकी पाद्र्यांना सांगून ठेवलंय."

रविवारी दिवा दिसला, असं त्याने अगदी शांतपणे सांगितलं, गाडी वेळेवर आहे असं स्टेशनवर सांगावं तसं. तेव्हापासून पोटात काही घातलं नव्हतं. जायचंच आहे, मग भांडी कशाला खरकटी करायची, असा त्याचा हिशोब.

बाईंच्या जिवात जीव आला. त्या हसल्यासुद्धा. सासूबाई, समई, धुराची घंटा, दिवळी, सगळं सांगितलं. फेलिमने ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता. "तू भली बाई आहेस," एवढंच म्हणाला. मरणाऱ्या माणसाचं मन राखायला बाई गोष्ट रचतेय, अशी त्याची समजूत.

गुरुनाथला फोन लावला. तो म्हणाला की या वयात अन्नपाणी सोडलं तर फार दिवस लागत नाहीत, दवाखान्यात आण. फेलिमने मान हलवली. नोरा याच घरातून गेली, तो याच घरातून जाणार. ओढून नेता येत नाही माणसाला. बाई उठल्या, गाडीत बसल्या, पुन्हा सारं शहर ओलांडून सँट्रीला गेल्या आणि सासूबाईंना, पिशवीसकट, घेऊन आल्या.

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. वासंतीबाईंनी पिशवी मांडीवर घेऊन ऐकलं. मग एवढंच म्हणाल्या, की आधी चूल पेटव, थंड घरात कुनाचं कोन ऐकतंय.

चूल पेटली. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या घरच्या प्रेसमध्ये ओट्स, साखर आणि चहापत्ती, एवढाच संसार. वासंतीबाईंनी दुधात ओट्स घालून पातळ खीर शिजत ठेवली, पदराला हात पुसले, फेलिमसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि फडकं सोडून पणती टेबलावर ठेवली. वातीचं टोक अजून काळं होतं.

"ह्यो दिवा. म्याच लावला हुता, फेलमभाऊ."

सुहासिनीबाई इंग्रजीत सांगत गेल्या. फेलिमने पणती उचलली. वातीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. तेलाचा वास खोटा नव्हता. समोरच्या म्हातारीचा चेहराही खोटा नव्हता. त्याने पणती टेबलावर परत ठेवली, आणि त्याचे खांदे खाली आले.

"म्हणजे मला नव्हता तो," तो म्हणाला.

सुहासिनीबाई सांगतात, दुसऱ्याच्या घरची पत्रिका चुकून आपल्या दारात आली होती हे कळल्यावर माणूस कसा दिसेल, तसा तो दिसत होता. तेव्हा त्यांना कळलं, की हा माणूस घाबरलेला नव्हताच. तोही ते बोलला. नोरा गेल्यापासून रोज संध्याकाळी तो त्या खिडकीत पाहायचा. आपली आठवण कुणाला आहे की नाही, याची वाट बघायचा. रविवारी दिवा दिसला तेव्हा त्याने दाढीचं पाणी तापवताना गाणं म्हटलं होतं.

वासंतीबाईंनी काय म्हणतोय विचारलं. सुनेने सांगितलं. म्हातारीने नाक मुरडलं.

"त्याला सांग, त्या बाईनं दिवा लावला त्यो तिच्या पोरासाठी. पोर धुक्यात हाय तिचं. ती ह्याला कशाला बोलावंल? ह्यो कोन तिचा? आईचा दिवा का आल्यागेल्यासाठी आसतोय?"

बाईंनी शब्दाला शब्द सांगितलं. फेलिमच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. त्याच्या घराण्यातल्या साऱ्या पिढ्यांनी तो दिवा स्वतःकडे ओढून घेतला होता, आणि कोरेगावची एक बाई येऊन सांगत होती की तुमचं त्यात काही नाही. तो खोकल्यासारखं काहीतरी करू लागला. ते हसू होतं. दोन दिवस पाणी न गेलेल्या घशातून ते नीट येईना.

मग तो थांबला. सुहासिनीबाईंकडे वळला.

"सहाची घंटा वाजत होती तेव्हाच ना?" त्याने हाताने घंटेचा दोर ओढल्यासारखं केलं, सावकाश, एक, दोन. "मी कोळसा घ्यायला बाहेर आलो. चर्चची घंटा चालू होती, आणि वर दिवा होता. जराही हलत नव्हता. घंटा संपली, मी थंडीत उभाच राहिलो, तरी होता."

चुलीवर खीर फसफसली. सुहासिनीबाईंनी भांडं खाली उतरवलं. सहाच्या घंटेला त्या सँट्रीत होत्या. पणती फडक्यात होती, फडकं पिशवीत, पिशवी सोफ्यावर, आणि बुरुजाच्या कुलपाची एकुलती एक चावी त्यांच्या कोटाच्या खिशात. त्यांनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं की इतिहासात सन आणि वेळ चुकली की सगळंच चुकलं.

फेलिम त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. भरलेला ग्लास तसाच.

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाच."

"काय म्हंतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"तेल कुठलं वापरलं विचारतात."

वासंतीबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं, फेलिमच्या हाताकडे पाहिलं, उठल्या आणि खीर वाडग्यात ओतली. चमचा त्याच्या हातात दिला. नातवाला भरवताना बसतात तशा समोर बसून राहिल्या, पहिला घास खाली उतरेपर्यंत. फेलिमने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग सुटाची टाय सैल केली.

परतताना गाडी पुन्हा शहरात शिरली. कॅनॉल ओलांडल्यावर वासंतीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घंटा झाली तवा आपन घरी हुतो, सुहास."

"हो, आई."

"मी बी काय बोलले न्हाई." थोडं थांबून त्यांनी पिशवीतली तेलाची बाटली काढून उजेडात धरली, जणू किती उरलंय ते बघत होत्या. "मालकानं तेल कुलपात ठिवलं हुतं म्हंतीस. मंग त्या बाईला तेल कोन देत आसंल गं?"

सुहासिनीबाईंनी गाडीतला हीटर वाढवला.

वासंतीबाई संक्रांतीच्या आधी कोरेगावला परतल्या. जाण्यापूर्वी पुन्हा एकदा फेलिमकडे जाऊन आल्या. दोघं चुलीपुढे बसून आपापल्या भाषेत आपापल्या गुडघ्यांविषयी बोलत होते आणि दोघांना सगळं कळत होतं. निघताना त्यांनी लेकासाठी आणलेली सोलापुरी चादर फेलिमला देऊन टाकली. लाल-हिरवी, चौकटीची, जाडजूड. गुरुनाथ रागावला. त्या म्हणाल्या, तुज्या घरात हीटर हाय, त्याच्या घरात खिडकी हाय.

ती चादर आता फेलिमच्या स्वयंपाकघरात पडदा म्हणून लागली आहे. सुहासिनीबाईंनीच कड्या शिवल्या. कॅसल बंद करून उतरलं की त्या रोज फेलिमकडे चहाला थांबतात. गुरुनाथला वाटतं म्हातारा एकटा आहे म्हणून थांबतात. शर्वाणीला वाटतं आईला गप्पा मारायला माणूस हवं म्हणून. दोन्ही खरंच आहे. पण बाई आत आल्या की कोट काढायच्याही आधी खिडकीशी जातात आणि पडदा ओढतात. थंडी येते, म्हणतात.

टेकडीवरून उतरताना एक वळण आहे. तिथे गाडीच्या आरशात कॅसल क्षणभर पूर्ण दिसतो. बऱ्याच संध्याकाळी आरशात नुसता काळा बुरूज असतो. काही संध्याकाळी नुसता काळा नसतो. त्या दिवशी बाई मागे वळून बघत नाहीत, गाडी थांबवत नाहीत, फक्त जरा जोरात खाली येतात. कोनाडा आता त्या घासत नाहीत. मंडळाने विचारलं तर बुरशी आहे म्हणून सांगतात. आणि पोरांना गोष्ट सांगताना "असं लोक मानतात" हे शेपूट त्यांनी कधी गाळलं, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एकदा धुकं असं उतरलं की बाईंना फेलिमचं दार हाताने चाचपावं लागलं. आरशात त्यांनी जे पाहायचं ते पाहिलं होतं. आत आल्या, सरळ खिडकीकडे गेल्या. फेलिम पाठमोरा, केटलीशी. कप काढत होता.

"फार धुकं आहे का वर?" त्याने न वळता विचारलं.

"आहे थोडं."

केटली शिट्टी घालायला लागली. ती त्याने बाजूला केली, दोन्ही कप भरले, आणि तरीही मागे पाहिलं नाही.

"मग पडदा नीट ओढ," फेलिम म्हणाला. "तिला तिच्या पोराकडे बघू दे."

बाईंनी चादरीची कड धरली आणि भिंतीपर्यंत ओढली. मग कोट काढला आणि चहा घ्यायला बसल्या.